ज्येष्ठ नागरिक संघात येण्याआधी (आणि आल्यावरही) विचारले जाणारे प्रश्न

पुण्याच्या एका उपनगरातल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या वतीने ही उत्तरं लिहिली आहेत. काही प्रश्न ज्येष्ठ स्वतः विचारतात, काही त्यांची मुलं-सुना फोनवर विचारतात. काही कोणी तोंडाने विचारत नाही, पण दारात घुटमळणाऱ्या माणसाकडे बघून कळतात. तेही घेतले आहेत.

संघात चालतं तरी काय? भजन आणि भाषणं एवढंच ना?

भजन आहे, भाषणंही आहेत. पण रोजचा व्यवहार बघाल तर सकाळी व्यायाम आणि हास्ययोग, दुपारी कॅरम-बुद्धिबळ-पत्ते, संध्याकाळी आठवड्यातल्या वारानुसार काहीतरी: एखाद्या दिवशी व्याख्यान, एखाद्या दिवशी गाण्याच्या भेंड्या, एखाद्या दिवशी अभिवाचन. महिन्यातून एकदा त्या महिन्यातल्या सगळ्यांचे वाढदिवस एकत्र. वर्षाकाठी तिळगूळ, कोजागिरी, एक-दोन सहली आणि १ ऑक्टोबरचा जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन. संयुक्त राष्ट्रांनी १९९० मध्ये तो ठरवला आणि १९९१ पासून तो पाळला जातो. त्या दिवशी सत्कार फार होतात, हे कबूल.

हास्ययोगाबद्दल नवे लोक जरा लाजतात. डॉ. मदन कटारिया यांनी मार्च १९९५ मध्ये मुंबईच्या एका बागेत पाच माणसांना घेऊन हा प्रकार सुरू केला, तेव्हा बघणारेही असेच हसले असणार. हर्निया असेल, नुकतंच पोटाचं किंवा डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा आणि तोवर बाकावर बसून बघा.

वयाची अट काय? मी ५७ वर्षांचा आहे, स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे.

साठ पूर्ण हवीत. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठीच्या २००७ च्या केंद्रीय कायद्यातही ज्येष्ठ नागरिकाची व्याख्या हीच आहे. पण अनेक संघ साठीच्या अलीकडच्या माणसांना सहयोगी सभासद करून घेतात, आम्हीही घेतो. मतदानाचा हक्क नसतो, काम मात्र भरपूर मिळतं. खुर्च्या उचलायला साठीच्या आतले दोन हात कुठल्याही संघाला हवेच असतात.

वर्गणी परवडेल ना?

परवडेल. संघाची वर्गणी साधारण महिन्याच्या वर्तमानपत्राच्या बिलाहून जास्त नसते. ज्यांना तेवढीही जड जाते त्यांनी खजिनदारांना बाजूला घेऊन सांगावं. ही गोष्ट सभेत येत नाही.

मला अजून म्हातारं वाटत नाही. तिथे सगळे गुडघे आणि शुगर यावरच बोलतात म्हणे.

बोलतात. पहिली दहा मिनिटं तर नक्कीच. ज्या संघात पुढचा तासभरही तेच चालतं, तिथे करायला दुसरं काही ठेवलेलं नसतं, एवढाच त्याचा अर्थ. माणसाला खुर्चीवर बसवून श्रोता केला की तो दुखण्याकडे वळतो. त्यालाच उद्याच्या कोजागिरीच्या दुधाचा हिशेब करायला सांगा, गुडघा मागे पडतो. आमच्याकडे एक अलिखित नियम आहे: नव्या सभासदाला पंधरवड्याच्या आत काहीतरी काम द्यायचं. हजेरीची वही, फुलांची ऑर्डर, ग्रंथालयाचं कपाट, पाहुण्याला रिक्षातून आणणं, काहीही. जे काम घेतात ते टिकतात. जे फक्त ऐकायला येतात ते पावसाळ्यात गळतात. हे इतक्या वेळा पाहिलं आहे, की आता सभासदत्वाच्या अर्जावर आम्ही ‘आपणास काय आवडते’ असं विचारत नाही, ‘आपण काय करू शकाल’ असं विचारतो.

या वयात शिकायचं काय आणि कशासाठी?

कशासाठी, हा प्रश्न शाळेत असताना विचारायचा होता. आता कोणी परीक्षा घेत नाही, हीच यातली गंमत.

आमच्याकडे सर्वांत चाललेला वर्ग मोडी लिपीचा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेत शिकवली जात होती, त्यामुळे अनेकांना वडिलांची किंवा आजोबांची मोडी सही आठवते, पण वाचता येत नाही. घरात जुनी खतं, पत्रं, देवघरातल्या वह्या पडलेल्या असतात. बाराखडी येईपर्यंत दीड-दोन महिने जातात, मग एक दिवस कोणीतरी घरचा कागद घेऊन येतं आणि वर्ग लांबतो. कागदात बहुतेक वेळा शेताच्या बांधाचं भांडणच निघतं. तरी लोक तो पुन्हा पुन्हा वाचतात.

दुसरा वर्ग आठवणी लिहिण्याचा. ‘तुमचं आत्मचरित्र लिहा’ असं सांगितलं की सगळे पेन खाली ठेवतात. म्हणून विषय एकच आणि नेमका द्यायचा, लिहायचं एकच पान. ‘१२ जुलै १९६१ ला तुम्ही कुठे होतात?’ पुण्यातल्या ऐंशीच्या आसपासच्या माणसाला ही तारीख सांगावी लागत नाही. पानशेत फुटलं तो दिवस. कोणी शाळेतून परत आलं, कोणी गच्चीवर रात्र काढली, कोणाच्या घरातली भांडी तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच पेठेत सापडली. सातारा-कराडकडच्यांना ११ डिसेंबर १९६७ ची पहाट द्यायची, कोयनेच्या भूकंपाची. मराठवाडा आणि नगर-सोलापूरकडच्यांना १९७२ चा दुष्काळ. तिथे मग मिलो (रेशनवरची परदेशी लाल ज्वारी) येतो, सुकडी येते, खडी फोडायला गेलेली आई येते. आयुष्यात चार ओळींपलीकडे न लिहिलेल्या बायका यात पान भरून लिहितात. ज्यांना लिहिणं जमत नाही त्या सांगतात आणि दुसरं कोणी उतरवून घेतं.

यात एक काळजी घ्यावी लागते. लिहिलेलं मोठ्याने वाचायचं, पण त्यावर व्याकरणाची चर्चा नाही. निवृत्त शिक्षक वर्गात असतील तर त्यांना हे आधी सांगून ठेवावं.

याशिवाय संस्कृत, हार्मोनियम, ओरिगामी, बुद्धिबळ, गच्चीवरची बाग असे वर्ग शिकवणारा मिळेल तसे होतात. शिकवणारा शक्यतो सभासदांतलाच शोधायचा. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला उत्तम बासरी येते, हे त्याच्या शेजाऱ्यालाही माहीत नसतं.

मोबाईलच्या वर्गात काय शिकवता? नातू शिकवतो, पण दोन मिनिटांत फोन हातातून काढून घेतो.

सगळ्या नातवांची पद्धत तीच. म्हणून आमचा पहिला नियम: शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याच्या फोनला हात लावायचा नाही. बोट शिकणाऱ्याचंच.

क्रम साधारण असा ठरला आहे. आधी अक्षरं मोठी करणं आणि आवाज वाढवणं, मग बोलून मराठीत टाइप करणं, व्हिडिओ कॉल, फोटो पाठवणं, रिक्षा बोलावणं. पैशांचे व्यवहार सगळ्यात शेवटी, आणि ज्यांना ते नको असतील त्यांना आग्रह नाही. नोव्हेंबरच्या आधी पेन्शनरांसाठी हयातीच्या दाखल्याचा खास वर्ग असतो. ‘जीवन प्रमाण’ या ऑनलाइन दाखल्याची सोय २०१४ पासून आहे आणि आता चेहरा दाखवूनही दाखला काढता येतो, त्यामुळे बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून अडणारे सुटले. ऐंशी वर्षांपुढच्या केंद्रीय पेन्शनरांना दाखला देण्याची मुदत १ ऑक्टोबरपासूनच सुरू होते.

फोनवरून फसवणूक झाल्याचं रोज ऐकतो. भीती वाटते.

थोडी भीती राहू द्या, ती कामाची आहे. लक्षात ठेवायचं एवढंच: ‘डिजिटल अरेस्ट’ असा प्रकार भारतीय कायद्यात नाही. पोलीस, सीबीआय, न्यायालय कोणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि खातं ‘तपासायला’ पैसे भरायला सांगत नाही. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत थांबण्याची शक्यता जास्त. लोक कळवायला उशीर करतात, कारण मुलं रागावतील म्हणून लाज वाटते. आमचं मुलांना सांगणं आहे, की आधी फोन लावा आणि रागवायचं ते नंतर. चांगले शिकलेले, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले लोकही यात फसले आहेत.

आम्ही याची रंगीत तालीम करतो. एक सभासद तोतया पोलीस होऊन दुसऱ्याला फोन करतो. हसून हसून पुरेवाट होते आणि ‘मी आमच्या संघाच्या सचिवांना विचारून सांगतो’ हे वाक्य तोंडात बसतं. त्या वाक्याने फोन बंद होतात.

मला ऐकू कमी येतं. चारचौघांत फजिती होते.

संघ सोडून जाणाऱ्यांत सर्वांत जास्त माणसं याच कारणाने जातात, आणि कारण कोणी सांगत नाही. ‘हल्ली वेळ होत नाही’ असं म्हणतात. ऐकू न आल्यामुळे माणूस चुकीच्या ठिकाणी हसतो, एकदा-दोनदा कोणीतरी टोकतं, आणि मग तो घरीच बसतो.

संघांनी यासाठी काही गोष्टी कराव्यात. माईक चांगला हवा आणि तो प्रश्न विचारणाऱ्याच्या हातातही जायला हवा. ‘माझा आवाज मोठा आहे, मला माईक नको’ म्हणणाऱ्या वक्त्याचं ऐकू नये. पत्र्याच्या शेडमध्ये आवाज घुमतो, तिथे जाड पडदे लावले तरी फरक पडतो. पंख्यांची घरघर कमी करावी. पुढची रांग पाहुण्यांसाठी न ठेवता कमी ऐकू येणाऱ्यांसाठी ठेवावी.

आणि तुम्ही कान तपासून घ्या. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) धोका वाढवणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या चौदा गोष्टींची यादी दिली, तिच्यात उपचार न केलेला बहिरेपणाही आहे आणि एकटेपणाही. एकातून दुसरं कसं येतं ते वर सांगितलंच. चष्मा लावताना कोणी लाजत नाही, श्रवणयंत्र मात्र कपाटात राहतं, हे काही आम्हाला पटत नाही.

आई गेल्यापासून वडील घराबाहेर पडत नाहीत. त्यांना संघात कसं पाठवू?

हा प्रश्न मुली जास्त विचारतात. पाठवू नका, आम्हाला न्यायला येऊ द्या. ‘बाबा, तिथे तुमचा वेळ जाईल’ हे वाक्य टाळा. ऐकणाऱ्याला ते ‘तुमचं आता घरात काम नाही’ असं ऐकू येतं. त्यांना काय येतं ते आम्हाला सांगा. हिशेब, सुतारकाम, इंग्रजी पत्र लिहिणं, वीजबिलावरची भांडणं, काहीही. मग आमच्यातलं कोणीतरी घरी येऊन म्हणेल, ‘साहेब, ऑडिटचे कागद अडलेत, जरा बघता का?’ यात खोटं काही नसतं, कागद खरंच अडलेले असतात.

बायका नवरा गेल्यावर काही महिन्यांत मैत्रिणींबरोबर येऊ लागतात. पुरुषांना वेळ लागतो, कारण अनेकांची ओळखपाळख बायकोनेच सांभाळलेली असते. धीर धरा. झोप, जेवण पूर्ण बिघडलं असेल किंवा ‘जगून काय करायचं’ अशी भाषा येत असेल, तर मात्र संघाची वाट न बघता डॉक्टरांकडे न्या. केंद्र सरकारची १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते, तिथेही बोलता येतं.

माझी संध्याकाळ नातवाला शाळेच्या बसवरून आणण्यात आणि स्वयंपाकात जाते. मी कधी येणार?

बरोबर आहे. संघांच्या वेळा पुरुषांनी स्वतःच्या सोयीने ठरवलेल्या असतात, हे खरं आहे. महिला सभासदांनी बैठकीत आवाज चढवल्यावर आमच्याकडे दुपारी साडेतीनचा वर्ग सुरू झाला, आणि तोच आता जास्त भरतो. तुमच्या संघात असं नसेल तर मागा. घरीही एक दिवस मागा. आठवड्यातून एका संध्याकाळी मुलाने बसवर जावं, यात जगबुडी होत नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विधवा महिलांनी यावं का?

यावं. आमच्याकडे ‘सर्व महिलांसाठी’ असं निमंत्रणावरच छापतो. साठ-सत्तरीच्या बायकांच्या मेळाव्यात निम्म्याशिम्म्या जणींना बाजूला बसवून कसलं हळदीकुंकू करायचं? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. शहरातल्या संघांना हे जमू नये, असं काही नाही. सुरुवातीला दोघी-तिघी अवघडतात, स्वतःच मागे सरकतात. त्यांना कुंकू लावायला पुढे व्हायचं काम त्यांच्याच वयाच्या, मान असलेल्या बाईने करावं. तरुण कार्यकर्तीने नाही. ज्यांना मनापासून नको असेल त्यांना तिळगूळ आणि वाण द्यावं, आग्रह करू नये.

सहलीला झेपेल का? कुठे नेता?

झेपेल अशाच ठिकाणी नेतो, पण आधी दोघंजण जाऊन जागा बघून येतात. ते काय बघतात? देवळाचा गाभारा नव्हे. बस दारापासून किती लांब थांबते, पायऱ्यांना कठडा आहे का, आणि कमोडचं स्वच्छतागृह कुठे आहे. अष्टविनायकांतले मोरगाव, थेऊर, रांजणगाव सगळ्यांना जमतात. लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, त्यामुळे तिथे जायचं तर डोलीची चौकशी आधी करायची आणि खाली थांबणाऱ्यांसाठी वेगळा कार्यक्रम ठेवायचा. पुण्यातल्या पुण्यात आगाखान पॅलेस उत्तम: बाग मोठी, बसायला जागा, आणि कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या समाधी तिथे आहेत. दोघंही तिथेच स्थानबद्धतेत गेले. या वयात ती जागा वेगळी दिसते.

दर दोन तासांनी बस थांबलीच पाहिजे, जेवण दीडच्या आत, परतीचा प्रवास अंधाराआधी. औषधं बॅगेत नव्हे, खिशात. सहलीत गाणी म्हणणाऱ्यांना पुढे बसवावं, उलटी होणाऱ्यांनाही पुढेच. जागा कमी पडते, पण करणार काय?

एसटीने जायचं असेल तर ७५ वर्षांपुढच्या सर्वांना राज्यात मोफत प्रवास आहे (ऑगस्ट २०२२ पासून), ६५ ते ७५ वयाच्यांना निम्मं तिकीट, आणि महिलांना मार्च २०२३ पासून सरसकट निम्मं. आधार कार्ड जवळ हवं. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० मध्ये थांबली, त्यामुळे लांबच्या सहलीचा हिशेब पूर्ण तिकिटाने मांडतो.

मोफत तपासणी शिबिरं होतात का?

होतात, पण येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही हॉल देत नाही. एका शिबिरात रक्तदाब मोफत मोजला आणि मग प्रत्येकाला चुंबकाची गादी कशी उपयोगी आहे ते दीड तास सांगितलं. किंमत ऐकून काहींचा रक्तदाब खरंच वाढला असेल. तेव्हापासून नियम केला: संघाच्या आवारात विक्री नाही, सभासदांचे फोन नंबर कोणालाही द्यायचे नाहीत, आणि प्रायोजकाचं बॅनर घ्यायचं तर कार्यकारिणीची मंजुरी हवी. गुंतवणूक सल्लागारांनाही हेच लागू. व्याख्यानाला या, फॉर्म आणू नका.

सत्तरीपुढच्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड काढून देण्याचं शिबिर मात्र जरूर घ्यावं. उत्पन्नाची अट नाही आणि वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे. आपल्या जवळचं कोणतं रुग्णालय यादीत आहे, ते त्याच दिवशी बघून ठेवावं.

मृत्युपत्र, मालमत्ता यावर बोलता का? घरात विषय काढला की सगळे गप्प होतात.

वर्षातून एकदा वकील बोलावतो आणि त्या दिवशी हॉल भरतो. ठळक गोष्टी अशा: मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही (केलेली बरी), पण दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. घर जिवंतपणी मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून देण्याआधी दहा वेळा विचार करावा. करायचंच असेल तर ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द दस्तात असू द्यावेत. २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली सांभाळ न झाल्यास असं हस्तांतरण रद्द करून घेता येतं. त्याच कायद्याने निर्वाहभत्त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांपुढे अर्ज करता येतो, आणि ज्याला स्वतःला जमत नाही त्याने अधिकार दिला तर त्याच्या वतीने संस्थाही अर्ज करू शकते. हे फार थोड्या संघांना माहीत असतं.

शेवटच्या आजारपणात कृत्रिम उपाय किती करावेत, हे आधी लिहून ठेवण्याची सोयही आता आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती मान्य केली आणि २०२३ मध्ये सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे. या विषयावर बोलताना लोक घाबरतील असं आम्हाला वाटलं होतं. प्रश्न मात्र सर्वांत जास्त याच दिवशी आले.

राजकारणावरून वाद होतात का?

निवडणुकीच्या महिन्यात होतातच. बोलण्यावर बंदी नाही, पण संघाच्या व्हॉट्सअॅप गटावर राजकारण, धर्म आणि ‘शेवटच्या स्टेजचा कॅन्सर तीन दिवसांत बरा’ हे तीन प्रकार चालत नाहीत. पहिल्यांदा फोन करून सांगतो, दुसऱ्यांदा गटातून काढतो. सुप्रभातच्या फुलांवर बंदी आणण्याचा ठराव दोनदा आला, दोन्ही वेळा पडला.

व्याख्यानं फार लांबतात.

चाळीस मिनिटं वक्ता, वीस मिनिटं प्रश्न. स्वागत, परिचय, प्रास्ताविक मिळून सात मिनिटं. अध्यक्षीय समारोप आम्ही बंदच केला. एक माजी अध्यक्ष अजून बोलत नाहीत आमच्याशी.

बायकोला विसरायला होतं. तिला आणलं तर चालेल का?

आणा, पहिले काही दिवस तुम्हीही सोबत बसा. जुनी गाणी, भजन, भाजी निवडणं, रांगोळी, साधी पत्त्यांची जोडी लावणं यांत अनेकांना रमता येतं. ‘मला ओळखलंस का?’ हा प्रश्न कोणीही विचारायचा नाही, आपलं नाव आपणच सांगायचं. गळ्यात किंवा पदराला नाव-पत्त्याची चिठ्ठी असू द्या. आम्ही वैद्यकीय केंद्र नाही, त्यामुळे एकटं सोडून जाता येणार नाही. पण ती आत गाणी ऐकत असताना तुम्ही तासभर कॅरम खेळावा, यासाठीही तिला आणा. सांभाळणाऱ्यालाही श्वास लागतो.

गावाकडे असा संघ चालतो का?

वेगळ्या रूपात चालतो. गावात माणसं पारावर रोज बसतातच, भजनी मंडळ असतं, सप्ताह असतो, त्यामुळे एकत्र येण्याची सवय शिकवावी लागत नाही. नसतं ते दुसरंच: बायकांना बसायला जागा, वर्तमानपत्र, डोळ्यांची तपासणी, आणि सरकारी योजनांचे फॉर्म भरून देणारं कोणी. ही चार कामं घेतली तर संघ जम धरतो. शाळेशी जोडून घ्यावं. शनिवारच्या शाळेत आजोबांनी बियाणं कसं राखायचं ते सांगितलं, आजीने ओव्या म्हटल्या, तर गुरुजीही खूश असतात.

आमच्या भागात संघ नाही. सुरू कसा करू?

आधी नोंदणी नको, आधी बसायला लागा. सोसायटीचा हॉल, शाळेचा रिकामा वर्ग, देवळाचा सभामंडप, महापालिकेचं विरंगुळा केंद्र, जे मिळेल ते. आठवड्यातला एक वार आणि एक वेळ ठरवा आणि तीनच माणसं आली तरी ती मोडू नका. सहा महिने टिकलात तर कागद करा. किमान सात जण लागतात. १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा या दोन्हीखाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी होते. त्यानंतर दरवर्षी हिशेब तपासणी आणि कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज. हा बदल अर्ज राहून जातो आणि पुढे अनेक वर्षांचा गुंता होतो, म्हणून सचिव निवडताना गोड बोलणारा नको, कागद जपणारा निवडा. बँक खात्यावर दोन सह्या ठेवा. नोंदणी झाली की ‘फेस्कॉम’ या राज्य महासंघाशी संलग्न होता येतं.

घटनेत एक कलम घालाच: अध्यक्ष सलग दोन मुदतींपेक्षा जास्त नाही.

मी सहा महिने मुलीकडे अमेरिकेत असते. सभासदत्व जातं का?

जात नाही. तिकडे तुमची सकाळ असते तेव्हा इथे संध्याकाळ, त्यामुळे व्याख्यान व्हिडिओवर ऐकता येतं आणि काही जणी न चुकता ऐकतात. तिथल्या मराठी मंडळात तुमच्यासारख्याच आलेल्या आई-वडिलांचा शोध घ्या. गाडी चालवता येत नाही म्हणून सोफ्यावर बसून सहा महिने काढू नका. मुलीला आठवड्यातून एकदा लायब्ररीत सोडायला सांगा. आणि परत याल तेव्हा तिथल्या फॉल कलर्सचे फोटो दाखवण्याचा कार्यक्रम ठेवू, पण तीसच फोटो.

पहिल्या दिवशी येताना काय आणायचं?

चष्मा, पाण्याची बाटली, घरच्या कोणाचा तरी फोन नंबर लिहिलेला कागद. पायात न घसरणारी चप्पल. सदस्यत्वाच्या अर्जासाठी आधारची प्रत आणि दोन फोटो लागतील, पण ते दुसऱ्या दिवशी दिलेत तरी चालतं. दाराशी वही घेऊन कोणीतरी बसलेलं असेल, त्यांना नाव सांगा. चहा पावणेपाचला असतो.